दोन मित्र आणि एक रिकामे जाळे

सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ हा माहितीपट २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. आयुष्य घडते तसे टिपण्याच्या शैलीसाठी तिथे त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिकही मिळाले. राकेश आणि गणेश हे त्यातले मुंबईचे दोन कोळी मित्र. राकेश वडिलांच्या लहान होडीने, भरती-ओहोटीचे गणित सांभाळत किनाऱ्यालगत मासेमारी करतो. गणेश स्कॉटलंडमध्ये शिकून परतलेला. त्याची बोट खोल समुद्रात जाणारी, आणि डोक्यावरचे कर्जही तेवढेच खोल.

या माहितीपटाकडे परंपरा विरुद्ध आधुनिकता असा झगडा म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला ती मांडणी अपुरी वाटते. परंपरा सर्वस्वी निर्दोष नसते. आपल्या कोळीवाड्यांची ओळख असलेल्या डोल जाळ्याच्या बारीक आसांतही लहान पिल्ले अडकतात, हे मत्स्यशास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत. दुसरीकडे, गणेशला खुणावणारी एलईडी दिव्यांची मासेमारी केवळ हावेपोटी येत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. पण कर्जाचा हप्ता बंदी पाहून थांबत नाही. राकेशचे तान्हे बाळ हृदयाच्या विकाराने आजारी पडते, तेव्हा त्याच्या तत्त्वनिष्ठेलाही रुग्णालयाच्या खर्चाचा हिशेब करावा लागतो. दोघे भांडतात, दुरावतात. पण दोघांनाही ढकलणारी गोष्ट एकच आहे : जाळ्यात मासळी येत नाही. मैत्रीतला हा ताण न्यायनिवाडा न करता दाखवणे, हे या माहितीपटाचे मोठे यश.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. मी भिवंडीचा. कामवारी नदी यंत्रमागांच्या या शहरातून, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी घेऊन वसईच्या खाडीला मिळते. काशेळी-काल्हेरच्या बाजूला सक्शन पंपांनी रेती उपसली गेली, खाजणांवर भराव पडले, गोदामे उठली. खाडी आणि तिवरांची झाडी म्हणजे माशांची बाळंतखोली. कोळंबीची, बोयची पिल्ले तिथेच वाढतात. ती खोलीच नासली तर पुढे समुद्रात काय मिळणार? माझ्या ओळखीच्या खाडीकाठच्या दोन मित्रांपैकी एक आज गोदामात माल चढवतो, दुसरा अजून पाग घेऊन चिखलात उतरतो. त्यांच्यात वाद नाही. वाद घालण्याइतकी मासळीच उरलेली नाही.

‘अगेन्स्ट द टाइड’चा कॅमेरा बहुतांशी समुद्राकडे तोंड करून उभा राहतो; पाठीमागचे शहर, त्याची गटारे आणि भराव यांच्याकडे तो पुरेसा वळत नाही. त्यामुळे राकेशचा मार्ग बरोबर की गणेशचा, एवढाच प्रश्न मनात घेऊन प्रेक्षक उठण्याचा धोका राहतो. खरे तर मासळी संपवणारे अनेक निर्णय कोणत्याही होडीवर घेतले गेलेले नाहीत. ते जमिनीवर झाले, आणि त्या वेळी दोघांपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते.

तरीही हा माहितीपट पाहावाच. दोन मित्रांचा अबोला त्याने मनापासून ऐकवला आहे. त्या अबोल्याचे मूळ खाडीच्या वरच्या अंगाला शोधणे, हे आता आपले काम आहे.