द्विवचनातील काळ : अकबर पदमसी यांची ‘मेटास्केप्स’

अकबर पदमसी (१९२८-२०२०) यांनी १९७० च्या सुमारास आरंभिलेल्या ‘मेटास्केप’ या चित्रमालिकेची चर्चा निघाली की एक साहित्यिक संदर्भ हमखास पुढे येतो, आणि तो खुद्द चित्रकारानेच दिलेला आहे : ‘अभिज्ञानशाकुंतला’ची नांदी. तीत वर्णिलेल्या शिवाच्या अष्टमूर्तींपैकी सूर्य आणि चंद्र पदमसींच्या एकाच आकाशात एकत्र येतात. संदर्भ सापडला की समीक्षेचे काम संपले, असा आपणा साहित्याच्या अध्यापकांचा सोयीस्कर समज आहे. चित्रासमोर उभे राहूनही आपण श्लोकच वाचत राहतो.

आणि तो श्लोकही नीट वाचलेला नसतो. (वर्गात नांदी ‘मंगलाचरण’ म्हणून दोन वाक्यांत उरकली जाते, ही कबुली दिली पाहिजे.) कालिदास तेथे जल, अग्नी, सूर्य, चंद्र ही नावे घेतच नाही. जल म्हणजे स्रष्ट्याची आद्य निर्मिती. अग्नी म्हणजे हवि वाहून नेणारी मूर्ती. सूर्य-चंद्र म्हणजे काळाचे विधान करणाऱ्या दोघी मूर्ती. वस्तू मागे राहते, तिचे कार्य पुढे येते. शिवाय या दोघींचे क्रियापद एकच आहे व ते द्विवचनी आहे. मराठीत द्विवचन नाही. त्यामुळे भाषांतर करताना आपण आधी सूर्य, मग चंद्र असा क्रम लावतो आणि मूळची सहक्रिया हरवते.

पदमसींनी कालिदासाकडून घेतले ते हे द्विवचन, असे मला वाटते. निसर्गचित्रातला सूर्य एरवी प्रहर ठरवतो. प्रकाशाची दिशा आणि सावल्यांची लांबी त्याच्यावर अवलंबून असते. येथे दोन्ही बिंबे एकदमच असल्याने प्रहरच रद्द होतो. १९६० च्या करड्या ‘ग्रीक लँडस्केप’ला निदान नावापुरते स्थळ होते, मेटास्केपला तेही नाही. डोंगर, पाणी, माती ओळखू येतात, पण पॅलेट नाइफने एकावर एक बसवलेले तैलरंगांचे थर आकाशातून उजेड उसना घेत नाहीत. खालचा थर वरच्याच्या कडेशी डोकावतो आणि चित्र घडण्याचा काळ दृश्य राहतो. लेसिंगने ‘लाओकोऑन’मध्ये (१७६६) अनुक्रम काव्याला आणि सहास्तित्व चित्राला वाटून दिले, व चित्रकाराने एकच अर्थगर्भ क्षण निवडावा असे म्हटले. मेटास्केपमध्ये निवडण्याजोगा क्षणच नाही.

अर्थात सर्वच चित्रांत हे साधलेले नाही. जेथे बिंबे आकाशात टांगल्यासारखी दिसतात आणि खालच्या भूमीच्या रंगांशी त्यांचे काही देणेघेणे नसते, तेथे कालिदास पुन्हा केवळ संदर्भ होऊन बसतो. चित्रमालिकेच्या उंबरठ्यावरच पदमसींनी केलेल्या लघुपटाचे नाव ‘सिझिजी’, म्हणजे खगोलीय गोलांचे एका रेषेत येणे. त्यात गोल नाहीत, बदलत जाणाऱ्या रेषा आहेत. १९९० च्या दशकातल्या ‘मिरर इमेज’ चित्रांत तर कॅनव्हासच दोन झाले. शेजारी-शेजारी मांडलेली, जवळजवळ सारखी दोन भूदृश्ये. कोणते बिंब आणि कोणते प्रतिबिंब हे ठरवण्यासाठी डोळा मधल्या सांध्यावरून पुन्हा पुन्हा ये-जा करीत राहतो.