परिस्थितिविज्ञानाची पदवी : किंमत, मोल आणि मूल्य

परिस्थितिविज्ञान हा विषय घेऊन उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास या पदवीने आर्थिकदृष्ट्या काय साधते, हा प्रश्न विद्यापीठीय वर्तुळात वारंवार विचारला जातो. त्यास मिळणारी उत्तरे सामान्यतः दोन प्रकारची असतात. एका पक्षाच्या मते ही पदवी अर्थप्राप्तीसाठी नव्हेच. ती निसर्गाच्या सेवेसाठी आहे, आणि ज्यास पैसा हवा त्याने अन्य विषयाकडे वळावे. दुसरा पक्ष नवपदवीधराचे पहिले वेतन अभियंत्याच्या पहिल्या वेतनाशेजारी मांडतो आणि पदवी तोट्याची ठरवितो. ही उत्तरे परस्परविरुद्ध भासली, तरी त्यांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे : पदवीची किंमत हा पदवीचाच गुणधर्म होय. हे गृहीतक कितपत टिकते, ते पाहिले पाहिजे.

मराठीत या संदर्भात तीन शब्द रूढ आहेत, आणि ते समानार्थी नाहीत. ‘किंमत’ बाजारात ठरते. ती सांगता येते, पाडता येते, वाढविता येते. ‘मोल’ हा शब्द ‘मोलमजुरी’, ‘मोलकरीण’ यांसारख्या शब्दांत श्रमाच्या मोबदल्याशी निगडित आहे. ‘मूल्य’ हा तर त्याच ‘मोल’चा तत्सम अवतार, परंतु आधुनिक मराठीत त्यास नैतिक आणि तात्त्विक अर्थ लाभला, आणि तो दामापासून दूर गेला. वर उल्लेखिलेला पहिला पक्ष मूल्याची भाषा बोलतो, दुसरा किमतीची. मोलाचा, म्हणजे केलेल्या श्रमाच्या रास्त मोबदल्याचा, विचार दोघांच्याही विवेचनात नाही.

१८६६ साली एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने या शास्त्रास नाव दिले, ते ‘ओइकोस’ म्हणजे घर या ग्रीक शब्दावरून. अर्थशास्त्राचे पाश्चात्त्य नावही त्याच शब्दापासून आले आहे. व्युत्पत्तीवरून शास्त्रांचे नाते सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि मराठी प्रतिशब्दात एक योगायोग आहे, तो अर्थपूर्ण आहे. ‘घरची परिस्थिती’ हा शब्दप्रयोग मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी येतो तेव्हा त्यास घरची सांपत्तिक स्थितीच अभिप्रेत असते. परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याने परिस्थितिविज्ञान घ्यावे की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि तो शब्दांवरील कोटी नव्हे.

भारतातील वस्तुस्थिती पाहता असे दिसते, की या पदवीची किंमत मुख्यत्वे बाजार ठरवीत नाही. ती शासकीय अधिसूचनांतील शब्द ठरवितात. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय आघात मूल्यांकन बंधनकारक केले. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने त्याची फेररचना केली. पुढे मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यता घेणे आवश्यक झाले, आणि त्या मान्यतेसाठी परिस्थितिविज्ञान व जैवविविधता या क्षेत्राचा तज्ज्ञ संस्थेजवळ असावा लागतो. पदवीधरांच्या एका वर्गाची उपजीविका अशा रीतीने एका नियमातून निर्माण झाली. जे नियमाने दिले ते नियमच काढूनही घेतो. २००६ च्या अधिसूचनेत ‘ब’ वर्गाचे दोन उपवर्ग आहेत. पैकी ‘ब २’ मधील प्रकल्पांस मूल्यांकन-अहवालाची आवश्यकता नाही. एखाद्या प्रकारचे प्रकल्प ‘ब १’ मधून ‘ब २’ मध्ये गेले, की त्यांवरील तज्ज्ञांचे कामही संपते. येथे पदवीधराच्या ज्ञानात काहीही उणे झालेले नसते. एक आकडा तेवढा बदललेला असतो.

दुसरे उदाहरण भारतीय वनसेवेचे. या सेवेच्या परीक्षेसाठी पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र व प्राणिशास्त्र यांपैकी एक विषय असलेली, किंवा कृषी, वनविद्या वा अभियांत्रिकी यांची पदवी लागते. या यादीत परिस्थितिविज्ञान नाही, पर्यावरणविज्ञानही नाही. परिणामतः वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्‌सी. झालेला आणि नंतर परिस्थितिविज्ञानाकडे वळलेला विद्यार्थी पात्र ठरतो, तो आपल्या आधीच्या पदवीमुळे. आणि केवळ पर्यावरणविज्ञानात पदवी घेतलेला विद्यार्थी, अरण्याचा अभ्यास करूनही, वनसेवेच्या दाराबाहेर राहतो. पदवीचे नाव हे येथे ज्ञानाहून वरचढ ठरले आहे. अभ्यासक्रमांचे नामकरण करताना विद्यापीठे या गोष्टीचा विचार क्वचितच करतात.

किंमत ठरविणारा हात कोणाचा, हे पाहिल्यावर किमतीच्या गुणवत्तेचाही विचार प्राप्त होतो. आघात-मूल्यांकनाचा अहवाल तयार करणाऱ्या सल्लागारास पैसे देतो तो प्रकल्पाचा प्रवर्तक, आणि प्रवर्तकास मंजुरी हवी असते. १९९४ च्या अधिसूचनेच्या स्पष्टीकरणात शीघ्र अहवालासाठी पावसाळा वगळून एका ऋतूतील माहिती पुरेशी मानली होती. सह्याद्रीच्या सड्यांवर, जेथे वनस्पतींचे वैभव पावसाळ्यात आणि त्याच्या लगत प्रकट होते, तेथे अशा पाहणीस काय दिसणार? कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले. मार्च-एप्रिलमध्ये पाहणाऱ्यास ते पठार ओसाड खडक वाटेल. अशा पाहणीचे वेतन उत्तम मिळाले, तरी तेथे परिस्थितिविज्ञानास किंमत मिळाली असे म्हणता येत नाही; पदवीधराच्या स्वाक्षरीस ती मिळाली. दुसऱ्या पक्षाचे वेतनाचे कोष्टक हा भेद दाखवूच शकत नाही.

विसंगती अशी, की निसर्गाची किंमत ठरविण्यात आधुनिक जग मागे राहिलेले नाही. रॉबर्ट कोस्टांझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली निसर्गाच्या सेवांची वार्षिक किंमत सरासरी ३३ लक्ष कोटी डॉलर मांडली. त्या वेळचे सर्व जगाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ लक्ष कोटी डॉलर होते. भारतात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने वनेतर कामासाठी वळविलेल्या वनजमिनीचे वर्तमान मूल्य दर हेक्टरी ४.३८ लक्ष ते १०.४३ लक्ष रुपये निश्चित केले. या आकड्यांच्या पद्धतीविषयी मतभेद आहेत. तथापि अरण्याची किंमत हेक्टरागणिक वसूल करणारी व्यवस्था ते अरण्य जाणणाऱ्याचे मोल मात्र त्याच्या निष्ठेवर सोडून देते, हे स्पष्ट आहे.

येथे पहिल्या पक्षाचे उत्तर विशेष तपासावे लागते, कारण ते वरकरणी उदात्त आहे. राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास संशोधन-अधिछात्रवृत्ती मिळते; १ जानेवारी २०२३ पासून तिची कनिष्ठ श्रेणी मासिक ३७,००० रुपये आहे. परंतु ती थोड्यांच्या वाट्यास येते. इतरांस अल्पमुदतीच्या प्रकल्पांवर काम करावे लागते, आणि प्रकल्प संपला की वेतनही संपते. हा काळ कोण काढू शकतो? ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे तो. म्हणजे सेवेचा उपदेश सर्वांस केला, तरी सेवेची संधी सुस्थितांसच मिळते. ज्याने शेत, ओढा आणि गायरान लहानपणापासून पाहिले आहे, तो विद्यार्थी दोन-तीन वर्षांत अन्य नोकरी धरतो. ही हानी त्याची एकट्याची नव्हे, शास्त्राचीही आहे.

याचे प्रत्यंतर लोकजैवविविधता नोंदवह्यांत मिळते. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाने स्थानिक समित्यांची तरतूद केली, आणि २००४ च्या नियमांनी लोकांशी विचारविनिमय करून अशा नोंदवह्या तयार करण्याचे काम त्या समित्यांवर सोपविले. एकच वनस्पती कोकणात एका नावाने आणि घाटमाथ्यावर दुसऱ्या नावाने ओळखली जाते. कधी एकच नाव दोन वनस्पतींस असते. शास्त्रीय नाव आणि बोलीतील नाव यांची सांगड घालू शकणारा पदवीधर नसेल, तर नोंदवही ही नावांची निरुपयोगी यादी होते. काम कायद्याने निर्माण केले. ते करणाऱ्याचे पद मात्र केले नाही. पदवी निरुपयोगी असल्याचा हा पुरावा नव्हे. उपयोग असूनही मोल न ठरल्याचा तो पुरावा आहे.

तात्पर्य, नवपदवीधराचे अल्प वेतन पाहून पदवीस दोष देणे हे निदान चुकीचे आहे, आणि मूल्याचा गौरव करून ते वेतन झाकणे हे त्याहून चुकीचे. विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य यातून स्पष्ट होते. प्रवेशाच्या वेळीच कोणत्या पदासाठी कोणत्या नावाची पदवी चालते, हे विद्यार्थ्यास सांगितले पाहिजे. आपले पदवीधर पहिल्या वर्षी नव्हे, तर पाचव्या वर्षी कोठे आहेत, आणि किती जणांनी क्षेत्र का सोडले, याची नोंद ठेवली पाहिजे. पात्रतेच्या याद्या आणि अधिसूचनांचे मसुदे हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, तेव्हा त्यांतील शब्द वाचून लेखी मत कळविले पाहिजे. हे केल्याने वेतन उद्याच वाढेल असे नाही. परंतु परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थी प्रवेशाच्या अर्जावर स्वाक्षरी करील, तेव्हा आपण काय पत्करीत आहोत हे त्यास ठाऊक असेल; आणि ते सांगण्याची जबाबदारी त्याच्या शिक्षकांवरच आहे.