लीळाचरित्राची साक्ष आणि शुभवर्तमानांची कसोटी

समुद्रपूर तालुक्यांत गिरड येथील टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीच्या अंगाखांद्यावर लहान फळांच्या आकाराचे वाटोळे खडे विखुरलेले सांपडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं साधूची थट्टा केली व त्यामुळें त्यांच्या मालांतील नारळ, जायफळें वगैरे सर्व जिन्नस दगड होऊन पडले, अशी कथा त्या खड्यांविषयीं सांगतात. भूगर्भवेत्ते त्यांस ज्वालामुखीच्या खडकांतील पोकळींत बनलेले झिओलाइटाचे गोटे म्हणतात. हे साधु इ. स. 1244 च्या सुमारास गिरडास येऊन राहिले, असें इंग्रजी अमदानींतील गॅझेटिअरानें नमूद केलें आहे. परंतु फरीद या नांवाचे जे सर्वविख्यात चिश्ती सत्पुरुष, त्यांची कबर पंजाबांत पाकपट्टण येथें आहे. आतां या कथेवरून साधूच्या चरित्राविषयीं काय कळतें? खडे होते, म्हणून कथा झाली. कथेचें काम खड्यांचा उलगडा करण्याचें आहे, साधूचें आयुष्य सांगण्याचें नव्हे. एवढ्यावरून तेथें कोणी साधु राहिलाच नाहीं असेंही म्हणतां येणार नाहीं. कथेस साक्षीदाराचें नांव नाहीं, म्हणून तिची उलटतपासणीच करतां येत नाहीं, इतकेंच खरें.

त्याच तेराव्या शतकांत, येथून फार दूर नसलेल्या वऱ्हाडांत, ऋद्धिपूर येथें श्रीगोविंदप्रभु नांदत होते व त्यांच्यापासून ज्ञानशक्ति स्वीकारून श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रांत संचार करीत होते. त्यांच्या चरित्राची स्थिति गिरडच्या कथेहून अगदीं निराळी आहे. म्हाइंभटांनीं ठिकठिकाणीं हिंडून, स्वामींचा सहवास लाभलेल्या माणसांस विचारून, नागदेवाचार्यांच्या नजरेखालीं लीळा जमविल्या. स्वामींच्या प्रयाणाचें साल सामान्यतः शके 1196 (इ. स. 1274) मानतात व लीळांचें संकलन त्यानंतर थोड्याच वर्षांत झालें. जगांतील फार थोड्या धर्मसंस्थापकांस असा चरित्रकार इतक्या लवकर लाभला आहे.

या अनुकूल स्थितीमुळेंच आपल्याकडील चर्चेंत दोन आग्रह माजले आहेत. एक पक्ष म्हणतो, ग्रंथ समकालीन आहे, म्हणून त्यांतील प्रत्येक शब्द इतिहास मानावा. दुसरा म्हणतो, त्यांत परकायाप्रवेश व चमत्कार आहेत, म्हणून तो भक्तांपुरताच ठेवावा. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे: दोघेही ग्रंथ तोलतात, लीळा तोलीत नाहींत. हा दोष दाखविण्यास प्राचीन ख्रिस्ती वाङ्मयाच्या चिकित्सेचें उदाहरण उपयोगी पडेल. कारण तेथें हाच वाद अठराव्या शतकांत रायमारुसापासून सुरू झाला व विद्वानांस पुष्कळ ठेंचा लागल्यानंतर कांहीं नियम हातीं आले.

पहिला नियम साक्षीदार मोजण्याचा. मत्तय, मार्क व लूक यांचीं शुभवर्तमानें पुष्कळ ठिकाणीं शब्दशः जुळतात. भाविकांस यांत तीन साक्षींचें ऐकमत्य दिसलें. चिकित्सकांनीं दाखविलें कीं मत्तय व लूक यांच्यापुढें मार्काचाच ग्रंथ होता. तीन मुखें, पण साक्ष एक. याशिवाय मत्तय व लूक यांत समान, परंतु मार्कांत नसलेलीं जीं वचनें आहेत, तीं एखाद्या लुप्त वचनसंग्रहांतून आलीं असावींत असें अनुमान बहुतेक विद्वान करतात. आपल्याकडे केसोबासांचा सूत्रपाठ आहे. त्यांतील वचनें लीळांतूनच वेंचलेलीं आहेत. म्हणून एखादें वचन लीळेंत आहे आणि सूत्रपाठांतही आहे, सबब तें दुप्पट प्रमाण, असें म्हणणें म्हणजे एकाच खताची नक्कल दुसरें खत म्हणून कचेरींत हजर करणें होय. तेथें वचनांवरून चरित्र वाढलें असें अनुमान आहे. येथें चरित्रांतून वचनें निघालीं हें ज्ञात आहे. दिशा उलट असली तरी मोजणीचा नियम तोच.

दुसरा नियम प्रसंगीं कोण हजर होतें हें विचारण्याचा. मार्काचा वृत्तान्त योहानाच्या हातून झालेल्या बाप्तिस्म्यापासून सुरू होतो. जन्माविषयीं तो कांहीं सांगत नाहीं. मत्तय व लूक जन्मकथा सांगतात, पण त्यांचा मेळ बसत नाहीं. मत्तयाच्या मतें जन्म हेरोद राजाच्या हयातींत झाला व हेरोद इ. स. पूर्व 4 मध्यें वारला. लूक त्याच जन्माचा संबंध क्विरिनियाच्या शिरगणतीशीं जोडतो व ती इ. स. 6 मधली. वंशावळीही दोघांच्या भिन्न. कारण उघड आहे: ज्यांनीं येशूस पुढें पाहिलें, त्यांनीं त्याचें बालपण पाहिलें नव्हतें.

लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असे तीन भाग याच दृष्टीनें वाचले पाहिजेत. एकांकांतील काळ हा स्वामी एकटे असतांचा काळ. भडोच येथील प्रधानपुत्र हरपाळदेवाचा मृत्यु, द्वारावतीच्या चांगदेव राउळांचा त्या देहांत प्रवेश, द्यूत, कमळाइसेनें अलंकार देण्यास केलेला नकार, रामटेकाच्या यात्रेचें निमित्त, ऋद्धिपुरांतील भेट, सालबर्डीच्या डोंगरांतील वास, ही सर्व हकीकत पुढील शिष्यांपैकीं कोणी पाहिलेली नव्हती. ती त्यांस ऐकूनच कळली. स्वामींनीं स्वतः प्रसंगोपात्त सांगितलें, भक्तांनीं स्मरणांत ठेविलें, म्हाइंभटांनीं विचारलें, असा तिचा प्रवास आहे. पैठणापासून मात्र चित्र बदलतें. बाइसा, महदाइसा, आउसा, भटोबास अशीं नांवें असलेलीं माणसें जवळ आहेत. कोण काय म्हणालें, कोठें बसलें, काय जेवलें हें त्यांनीं पाहिलें आहे. एकांक खोटा व पूर्वार्ध खरा, असा याचा अर्थ नव्हे. परंतु भडोचच्या प्रसंगास आणि पैठणच्या प्रसंगास एकच वजन देणाऱ्याच्या हातीं तराजू नाहीं, एवढें म्हणणें भाग आहे.

तिसरा नियम संकोचाचा. शिष्यांस अवघड वाटावी अशी गोष्ट शिष्य बनवीत नाहींत, असें हें प्रमेय आहे. येशूनें योहानाकडून बाप्तिस्मा घेतला ही गोष्ट प्राचीन ख्रिस्ती लेखकांस बोंचत होती: मत्तयानें तेथें योहानाची हरकत घातली, आणि चौथ्या शुभवर्तमानानें बाप्तिस्म्याचा प्रत्यक्ष प्रसंगच गाळला. म्हणून तो प्रसंग खरा मानतात. हेंच प्रमेय आपल्याकडे कोणी असें लावतात कीं, द्यूताची गोष्ट भक्त कशाला रचील? सबब ती खरी. येथें आम्ही सावधगिरीची सूचना करूं इच्छितों. संकोच कोणाचा, हा प्रश्न आहे. महानुभाव सिद्धान्तानुसार ईश्वराची प्रत्येक क्रिया लीळा आहे. गोविंदप्रभूंच्या लोकविलक्षण वर्तनाचें वर्णन त्यांच्या चरित्रांत संकोचानें नव्हे, तर प्रेमानें केलें आहे. ज्या गोष्टीनें आपणांस अवघडल्यासारखें होतें, तिनें म्हाइंभटांस होत होतें असें धरून चालतां येत नाहीं. हें प्रमेय पाश्चात्त्यांकडून जसेंच्या तसें उचलणें म्हणजे दुसऱ्याच्या मापानें आपलें वस्त्र बेतणें होय.

मग पंथीयांस खरोखर जड गेलेली जागा कशी ओळखावी? आमचें उत्तर असें कीं, पोथ्यांच्या भेदावरून. मार्काचे शेवटचे बारा श्लोक चौथ्या शतकांतील दोन थोर प्रतींत, म्हणजे सिनाईच्या व व्हॅटिकनच्या पोथ्यांत, नाहींत. पुढील नक्कलकारांस ग्रंथाचा एकाएकीं होणारा शेवट सोसला नाहीं, म्हणून तेथें भर पडली. लीळाचरित्रांतही अखेरच्या प्रकरणांत प्रती एकमेकींशीं जुळत नाहींत. राजसत्तेनें स्वामींचा छळ व घात करविल्याचें वृत्त कांहीं प्रतींत आहे. स्वामी उत्तरापंथें निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे. श्रद्धेचा निवाडा करणें हें या पत्रिकेचें काम नाहीं. पण ज्या ठिकाणीं प्रती भिन्न होतात, तेथेंच स्मृतीस कष्ट पडले होते, हें संशोधकास दिसतें. अशा ठिकाणचा प्रत्येक पाठ, आपणांस रुचो वा न रुचो, पुराव्याचा तुकडा आहे.

चौथा नियम बाहेरच्या साक्षीचा. पिलाताच्या अमलांत ख्रिस्तास देहान्त शासन झालें हें रोमन इतिहासकार टॅसिटस यानें दुसऱ्या शतकाच्या आरंभीं लिहिलें; जोसीफस या यहुदी लेखकानें येशूच्या याकोब नामक भावाचा उल्लेख केला. जोसीफसाच्या ग्रंथांतील येशूविषयींच्या मुख्य उताऱ्यांत मात्र ख्रिस्ती नक्कलकाराचा हात फिरला आहे, असें बहुतेकांचें मत आहे. आपल्याकडे यादवांचे ताम्रपट व शिलालेख आहेत. महादेवराव, रामदेवराव व हेमाद्रि हे महानुभाव वाङ्मयांत ज्या क्रमानें येतात, तो क्रम लेखांशीं जुळतो. रामदेवरावानें आमणापासून राज्य हिसकावून घेतलें ही गोष्ट शके 1232 (इ. स. 1310) च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटांत आहे आणि महानुभाव वाङ्मयांतही तिचे पडसाद आहेत. यावरून ग्रंथकारांस आपला काळ ठाऊक होता हें सिद्ध होतें. परंतु रंगभूमि खरी ठरली म्हणजे नाटकांतील प्रत्येक भाषण खरें ठरत नाहीं, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे.

आतां काळाच्या अंतराविषयीं. येशूचा अंत इ. स. 30 च्या सुमारास झाला. पौलाचीं पत्रें इ. स. 50 नंतरचीं, मार्क 70 च्या आसपासचा. शिवाय येशू अरामी भाषेंत बोलला व ग्रंथ ग्रीकांत झाले. याच्याशीं तुलना करून आपले कांहीं विद्वान म्हणतात कीं, तेथें चाळीस वर्षें आणि येथें चार-पांच; तेथें भाषान्तर आणि येथें स्वामींची मराठीच. हा फरक खरा आहे व अभिमानास्पद आहे. परंतु म्हाइंभटांची मूळ प्रत आपल्याजवळ कोठें आहे? चौदाव्या शतकाच्या आरंभीं परचक्राच्या धामधुमींत ती नाहींशी झाली व पुढें हिराइसेसारख्या शिष्यांच्या पाठांतरावरून लीळा पुन्हां सिद्ध कराव्या लागल्या, असें परंपराच सांगते. म्हणून अंतर मोजावयाचें तें म्हाइंभटांपर्यंत नव्हे, तर आपल्या हातांतील पोथीपर्यंत. सकळादि सांकेतिक लिपींमुळें ग्रंथ शुद्ध राहिला, असेंही म्हणतात. पण त्या लिपी मागाहून योजलेल्या, आणि कुलूप बाहेरच्या माणसास अडवितें, किल्ली बाळगणाऱ्या नक्कलकारास नव्हे.

तथापि येथेंच महानुभावांची थोरवी दिसते. पाठांतरांत फरक पडला तेव्हां त्यांनीं तो लपविला नाहीं. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी, हें त्यांनीं ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेविलें. ख्रिस्ती जगांत दुसऱ्या शतकांत टेशियन यानें चारही शुभवर्तमानें गुंफून एकच सलग चरित्र केलें. तें सीरियांतील मंडळ्यांत पुष्कळ काळ चाललें. पण इतर मंडळ्यांनीं चार ग्रंथ चारच ठेविले, म्हणूनच आज त्यांची तुलना करतां येते. सर्वांनीं टेशियनाचा मार्ग धरला असता तर चिकित्सा तेथेंच संपली असती.

हा धोका आपल्याकडे टळलेला नाहीं. हरि नारायण नेने, शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांनीं लीळाचरित्र छापून जे उपकार केले, ते कोण नाकारील? पण संपादकास शेवटीं एक पाठ वर व बाकीचे खालीं घालावे लागतात, आणि वाचक वरचाच पाठ वाचतो. कोलत्यांची 1978 ची आवृत्ति हातीं आल्यावर घरच्या पोथीचें काय काम, असें म्हणणारे संग्राहकही भेटतात. आमचें त्यांस सांगणें असें: पोथी उत्तरकालीन आहे, अपुरी आहे, अशुद्ध आहे, म्हणून ती टाकूं नका. छापील प्रतीवरून तिच्यांत दुरुस्ती करूं नका. समाप्तिलेख, लेखकाचें नांव, शक, आणि ती कोणत्या गांवीं कोणाच्या घरीं मिळाली हें टिपून ठेवा. तिच्यांत जेथें वासना नोंदलेली असेल, तेवढीं पानें आधीं उतरवून घ्या. इजिप्तांतील एका पपायरसाचा तळहातांत मावेल एवढा तुकडा 1935 मध्यें प्रसिद्ध झाला आणि चौथें शुभवर्तमान फारच उशिराचें आहे या मताचा आधार त्यानें ढिला केला. आपल्या बासनांतील कोणतें पान असें काम करील, हें आज कोण सांगणार?

गिरडच्या खड्यांस बोलतें करण्याचा उपाय नाहीं. त्यांच्या साक्षीदारांचीं नांवें काळानें पुसलीं. चक्रधरांच्या साक्षीदारांचीं नांवें मात्र म्हाइंभटांनीं राखिलीं, आणि त्यांच्या आठवणींतील भेदही पुढच्यांनीं राखिले. ते भेद एका गुळगुळीत चरित्राच्या मोहानें आपणच पुसले, तर दोष परचक्राचा म्हणतां येणार नाहीं.