सिंगअकॅडमीचे समूहगान : उपासनेतून सभागृहाकडे

पाश्चात्त्य धार्मिक संगीताच्या इतिहासात बर्लिनच्या 'सिंगअकॅडमी' या गायनसंस्थेचे नाव बहुधा एकाच घटनेच्या संदर्भात घेतले जाते. दि. 11 मार्च 1829 रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोनने योहान सेबास्टियन बाखच्या, मत्तयकृत शुभवर्तमानावर आधारलेल्या 'पॅशन'चे, म्हणजेच ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या संगीतरचनेचे, तेथे पुनरुज्जीवन केले. या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र तिच्या तेजात संस्थेचे उर्वरित कार्य झाकोळून गेले आणि 'विस्मृत बाखचा उद्धार' अशी एक सोयीस्कर कथा रूढ झाली. ही कथा अर्धसत्य आहे.

संस्थेची स्थापना 1791 मध्ये कार्ल फ्रीड्रिख फाश याने केली. फाश हा प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या दरबारातील वादक; परंतु त्याने उभारलेली संस्था ना दरबाराची होती, ना चर्चची. बर्लिनमधील सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रीपुरुष नियमितपणे एकत्र जमत आणि जुन्या धार्मिक रचनांचा अभ्यास करीत. इटालियन बहुस्वर संगीताच्या प्रभावातून फाशने स्वतः सोळा स्वरपंक्तींची मिस्सा रचली होती. बाखची मोटेट्सही त्याच्याच काळात सरावात आली. लुथरपंथी चर्चमध्ये बाखच्या रचना मुले आणि पुरुष गात. येथे त्याच पंक्ती स्त्रिया गाऊ लागल्या. ज्यू कुटुंबांतील सदस्यांनाही येथे प्रवेश होता. मेंडेल्सझोनची आजेमावशी सारा लेव्ही हिचा संस्थेशी निकटचा संबंध होता आणि तिच्या संग्रहातील हस्तलिखिते संस्थेला मिळाली. ख्रिस्ताच्या मरणाचे गायन करण्यासाठी एकत्र येणाऱ्यांना श्रद्धेचा दाखला मागितला जात नव्हता, ही बाब त्या काळाच्या मानाने लहान नाही.

फाशच्या निधनानंतर 1800 मध्ये सूत्रे त्याचा शिष्य कार्ल फ्रीड्रिख झेल्टर याच्याकडे आली. झेल्टर मूळचा गवंडी, गटेचा स्नेही. बाखच्या मोठ्या रचनांचे काही भाग तो सरावात घेत असे, पण जाहीर प्रयोगास ते अयोग्य आहेत असे त्याचे मत होते. म्हणजेच 1829 मधील गायकवृंद बाखला अपरिचित नव्हता. मेंडेल्सझोनला जे साध्य झाले त्यामागे चार दशकांचा हा मुकाट रियाज होता.

प्रयोगाचे स्वरूप तपासले असता खरा प्रश्न समोर येतो. लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये ही रचना गुड फ्रायडेच्या उपासनेचा भाग होती आणि तिच्या दोन भागांच्या मध्ये प्रवचन असे. सिंगअकॅडमीच्या सभागृहात तिकीट काढून आलेला श्रोता होता. प्रवचनाची जागा रिकामी होती. गायकवृंद सुमारे दीडशेचा, बाखला उपलब्ध असलेल्या मोजक्या गायकांच्या कितीतरी पट मोठा. मेंडेल्सझोनने अनेक एकलगाने आणि काही कोराल स्तोत्रे गाळली. एकलगान म्हणजे कथा थांबवून एका भाविकाने स्वतःशी केलेले चिंतन. ते कमी होताच कथानक आणि जमावाची वृंदगाने ठळक झाली. ध्यान मागे पडले, नाट्य पुढे आले. प्रभूची भूमिका गाणारा एडुआर्ड डेव्रिएंट हा ऑपेरातील गायक होता, हेही लक्षणीय आहे. या काटछाटीला शुद्धतावादी अभ्यासक दोष देतात. तथापि ज्या श्रोत्याजवळ उपासनेची चौकट नव्हती, त्याला ही रचना प्रथमच सलग ऐकवायची तर कथेचा धागा घट्ट ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मेंडेल्सझोनचा निर्णय रसिकाचा नव्हता, संयोजकाचा होता. आणि तो योग्य होता.

बर्लिनकरांच्या गुड फ्रायडेवर मात्र बाखचे राज्य आले नाही. 1755 मध्ये प्रथम सादर झालेली कार्ल हाइनरिख ग्राउनची 'येशूचा मृत्यू' ही सौम्य, भावविवश रचना त्या दिवसाशी जोडली गेली होती. 1829 च्या गुड फ्रायडेला झेल्टरने तिच्याऐवजी बाखची 'पॅशन' सादर केली खरी, परंतु पुढे ग्राउन परतला आणि दीर्घकाळ टिकला. सवयीची ही चिकाटी संगीतेतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच नोंदली जाते. समूहगान संस्थेचा वार्षिक कार्यक्रम श्रेष्ठ कृतींच्या यादीवरून ठरत नाही; सदस्यांना काय पाठ आहे आणि श्रोत्यांना त्या दिवशी काय ऐकायचे आहे, यावरून ठरतो.

झेल्टरच्या निधनानंतर जानेवारी 1833 मध्ये संचालकपदासाठी मतदान झाले. सदस्यांनी मेंडेल्सझोनला डावलून कार्ल फ्रीड्रिख रुंगेनहागेन या ज्येष्ठ सहकाऱ्याची निवड केली. या निर्णयात मेंडेल्सझोनच्या ज्यू जन्माचा वाटा किती आणि अनुभवी माणसाला झुकते माप देण्याच्या संस्थात्मक वृत्तीचा किती, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. मेंडेल्सझोन कुटुंबाने संस्थेचे सदस्यत्व सोडले. येथे रुंगेनहागेनला सामान्य ठरवून प्रकरण मिटवले जाते. वस्तुतः त्याच्याच कारकिर्दीत 1833 मध्ये योहानकृत शुभवर्तमानावरील 'पॅशन' आणि 1834-35 मध्ये दोन टप्प्यांत बी मायनर मिस्सा सादर झाली. प्रतिभावंताला नाकारणाऱ्या संस्थेनेच त्याचे काम पुढे नेले, ही विसंगती चरित्रकारांना अडचणीची वाटत असावी.

संस्थेचा हस्तलिखितसंग्रह दुसऱ्या महायुद्धात सुरक्षिततेसाठी बर्लिनबाहेर हलवला गेला आणि नाहीसा झाला. 1999 मध्ये तो युक्रेनमधील कीव्ह येथे आढळला आणि 2001 मध्ये बर्लिनला परतला. पाच हजारांहून अधिक बाडांच्या या संग्रहात बाखचा पुत्र कार्ल फिलिप एमानुएल याच्या, हरवल्या समजल्या गेलेल्या 'पॅशन' रचना होत्या. हँबर्गच्या चर्चसाठी 1769 पासून तो दरवर्षी एक 'पॅशन' सिद्ध करीत असे आणि त्यासाठी टेलेमानसारख्या इतरांच्या व वडिलांच्या रचनांतील भाग मोकळेपणाने उचलून जोडत असे. 1769 च्या रचनेत तर वडिलांच्या मत्तयकृत 'पॅशन'मधील वृंदगानेच आहेत. पुत्राच्या दृष्टीने ती अस्पर्श कलाकृती नव्हती, त्या वर्षीच्या उपासनेसाठी हाताशी असलेली सामग्री होती. आणि ही कात्री साठ वर्षे आधी, चर्चच्या आतच, चालली होती.