ओआहाकातील रूढीशासित नगरपालिका : एक चिकित्सा

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात ५७० नगरपालिका असून (त्यांतील बहुसंख्य वस्तुतः खेडीच) चारशेहून अधिक ठिकाणी राजकीय पक्षांऐवजी ग्रामसभा रूढीनुसार पदाधिकारी निवडते. या पद्धतीस राज्याच्या निवडणूक कायद्याने १९९५ मध्ये मान्यता दिली. येथे पद म्हणजे सत्तेपेक्षा सेवा, अनेकदा विनावेतन. ‘तेकियो’ हे सामूहिक श्रमदान गावाच्या सदस्यत्वाचा निकष ठरते. या व्यवस्थेचा होणारा गौरव अकारण नाही. मात्र सभेत मत कोणाचे, हा प्रश्न त्यात झाकला जातो. २००७ मध्ये सांता मारिया किएगोलानी येथे नगराध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या एउफ्रोसिना क्रूस यांची मते त्या स्त्री असल्याने रद्द ठरविण्यात आली. स्त्रियांच्या समान मताधिकाराची स्पष्ट हमी संघराज्याच्या घटनेतील दुसऱ्या कलमात २०१५ साली आली. तोवर रूढीचा अर्थ सभेतील पुरुषच लावीत होते.