अक्षरभेद, राजभेद आणि बनावट : विदर्भांतील सातवाहन नाण्यांच्या वाचनासंबंधीं

वर्धा जिल्ह्याच्या दक्षिणेस चांदा आणि पश्चिमेस वऱ्हाड. या दोन्ही प्रदेशांत सातवाहनांच्या पोटीन नांवाच्या मिश्र धातूच्या नाण्यांचे साठे सांपडलेले आहेत. तेव्हां मधल्या वर्धा जिल्ह्यांतील संग्राहकाच्या डब्यांत अशीं नाणीं दिसलीं तर त्यांत नवल नाहीं. या जिल्ह्यांतील एका संग्राहकानें प्रस्तुत लेखकास अशीं दोन नाणीं दाखविलीं. तीं पवनारच्या टेकडीवरचीं म्हणून त्यांस विकण्यांत आलीं होतीं, आणि त्यांवर आजवर अज्ञात असलेल्या एका शातकर्णीचें नांव आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. या दाव्याचा निकाल लावण्यापूर्वीं अशीं नांवें आपल्या इतिहासांत कोणत्या वाटेनें आलीं, याची परीक्षा करणें अवश्य आहे.

या नाण्यांच्या एका बाजूस सोंड वर उचललेला हत्ती व त्याच्या भोंवतीं ब्राह्मी अक्षरांत राजाचें नांव असतें. दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचिन्ह म्हणून ओळखलें जाणारें चार वर्तुळांचें चिन्ह असतें. लेखाची सामान्य घडण ‘रञो सिरि सातकणिस’ अशी असून व्यक्तिनाम असल्यास तें ‘सिरि’ या शब्दाच्या पुढें येतें. अडचण अशी कीं, चकती लहान व लेखाचें वर्तुळ मोठें, यामुळें संपूर्ण लेख एका नाण्यावर बहुधा उमटत नाहीं. एकावर आरंभ मिळतो, दुसऱ्यावर शेवट, आणि व्यक्तिनामाचीं एकदोन अक्षरें मात्र नेमकीं कांठाबाहेर जातात. वाचकानें जें वाचिलें त्यांतील कांहीं भाग डोळ्यांनीं पाहिलेला व कांहीं भाग अनुमानानें भरलेला असतो. हें अनुमान सशास्त्र आहे कीं नाहीं, हाच येथें खरा प्रश्न आहे.

ब्रिटिश म्यूझियममधील आंध्र राजांच्या नाण्यांची रॅप्सन यांची सूचि १९०८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत चांदा जिल्ह्यांतील नाण्यांवर ‘कण्ह’ हें नांव वाचून कृष्ण शातकर्णि असा राजा मानलेला आहे. पुढें १९३९ सालीं तेव्हांच्या अकोला व आतांच्या वाशीम जिल्ह्यांत, मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा या गांवीं सुमारें सोळाशें नाण्यांचा साठा निघाला. म. म. वा. वि. मिराशी यांनीं त्याचें विवेचन भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या पत्रिकेंत केलें आणि रॅप्सन यांच्या कृष्णाच्या जागीं ‘कण’, म्हणजे कर्ण, हें नांव वाचलें. एका ‘ह’काराच्या असण्यानसण्यावर एक राजा गेला व दुसरा आला. त्याच साठ्यावरून कुंभ, कर्ण व शक हे तीन राजे पुढें आले. पुराणांच्या यादींत त्यांचा निर्देश नाहीं.

मिराशींच्या कार्याचें मोल कमी लेखण्याचा येथें हेतु नाहीं. विखुरलेलीं नाणीं एकेक करून वाचणें आणि एकाच साठ्यांतील शेंकडों नाणीं शेजारीं शेजारीं मांडून वाचणें यांत महदंतर आहे. ज्या नाण्यावर नांवाचा शेवट तुटला त्याची पूर्ति शेजारच्या नाण्यानें होते, व ती पूर्ति कल्पनेची न राहतां पुराव्याची होते. तऱ्हाळ्याच्या वाचनाचें बळ यांतच आहे. या साठ्यांत विजय शातकर्णीचें नांव मिळालें आणि त्याच राजाच्या सहाव्या राज्यवर्षाचा शिलालेख पुढें नागार्जुनकोंड्यास सांपडला, ही गोष्ट या पद्धतीस अनुकूल अशी साक्ष आहे.

परंतु सर्व नांवांस अशी दुहेरी साक्ष मिळालेली नाहीं. शक शातकर्णीची सांगड कान्हेरीच्या लेखांतील माढरीपुत्र शकसेनाशीं घालण्यांत येते; ती शक्य कोटींतील असली तरी नामसादृश्यावर उभी आहे. कुंभास तर नाण्यांखेरीज आधार नाहीं. अशा नांवासंबंधीं ‘तें किती नाण्यांवर आहे’ एवढें विचारून भागत नाहीं. ‘तें किती ठशांवर आहे’ असें विचारलें पाहिजे. एकाच ठशानें पाडलेलीं वीस नाणीं म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार वीस वेळां बोलत आहे. ठसा कोरणारानें केलेली चूक त्या विसांवरही तशीच उतरणार. भिन्न हातांनीं कोरलेल्या तीनचार ठशांवर तेंच नांव स्पष्ट आढळलें, तर मात्र तें राजाचें नांव मानण्यास प्रत्यवाय नाहीं. जुन्या विवेचनांत मोजदाद नाण्यांची होत असे, ठशांची नव्हे. ही उणीव व्यक्तीची नसून त्या काळच्या पद्धतीची आहे. तथापि ती भरून काढण्याचें काम अद्याप आपल्या पिढीकडे आहे.

अक्षर बदललें म्हणजे राजा बदलला असें नव्हे, हें शिवराईवरून चांगलें पटतें. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ असा लेख असतो. रे. ॲबट यांनीं १९०० च्या सुमारास मुंबईच्या रॉयल एशियाटिक शाखेच्या पत्रिकेंत या नाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला व त्यास ‘प्राथमिक’ असें विनयपूर्वक म्हटलें. शिवराईवर ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, तसेंच ‘छत्रपति’, ‘छत्रपती’ असे नाना पाठ आढळतात. म्हणून कोणी शिव, शीव व सिव असे तीन छत्रपति मानील काय? महाराजांच्या पश्चात् दीर्घकाळ अनेक टांकसाळींत हीच नाममुद्रा पाडली गेली, ठसे कोरणारे कारागीर लिपींत पारंगत नव्हते, यांतच त्या भेदांचें मूळ आहे. हे भेद टांकसाळ व काळ ठरविण्यास उपयोगीं पडतील. राजा ठरविण्यास नाहींत. सातवाहन नाण्यांवरील एखाद्या काना-मात्रेच्या भेदावरून नवा राजा उभा करणाऱ्यानें हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें.

येथून बनावटीचा विषय निघतो. दुर्मिळ पाठभेदास किंमत येऊं लागली कीं, बनावट करणारा त्या पाठाकडे वळतो. त्याच्या रीति मुख्यतः तीन. पहिली ओतीव नाण्याची. अस्सल नाण्यावरून सांचा घेऊन त्यांत धातु ओततात. अशा नाण्यावर सुईच्या अग्राएवढीं छिद्रें असतात, अक्षरांच्या कडा मऊ व गोलसर दिसतात, आणि कांठावर सांध्याची रेघ किंवा ती घांसल्याची खूण राहते. दुसरी रीति नव्या ठशाची. असें नाणें फार नीटस असतें. पोटीन नाण्यावर संपूर्ण लेख मधोमध बसलेला दिसला, तर आनंदापूर्वीं संशय यावा. तिसरी रीति अधिक कपटाची : नाणें अस्सल घ्यावयाचें आणि त्यावरील एखादें अक्षर टांकीनें कोरून बदलावयाचें. येथें वजन व धातु यांची परीक्षा व्यर्थ जाते. भिंगाखालीं त्या अक्षराभोंवतालची जमीन खोल गेलेली व तेथील जुनें पुट तुटलेलें दिसतें, तीच खूण. वरून लाविलेलें कृत्रिम जंगाल गरम पाण्यानें किंवा ॲसिटोननें पुष्कळदां सुटतें. शतकांचें जंगाल सहसा सुटत नाहीं.

सर्वांत निर्णायक कसोटी निराळीच आहे. एकाच ठशाचीं दोन अस्सल नाणीं घेतलीं तर ठशांतील दोष दोहोंवर सारखे येतील. परंतु चकतीचा आकार, कांठाची चीर, ठसा कोणत्या अंगास सरकला, हें प्रत्येक नाण्याचें वेगळें असतें, कारण प्रत्येक चकती स्वतंत्र व प्रत्येक घाव स्वतंत्र. या गोष्टीही दोहोंवर तंतोतंत जुळल्या, तर तीं दोन्हीं एका सांच्याचीं अपत्यें होत, अथवा एक दुसऱ्याची नक्कल होय.

वर सांगितलेल्या दोन नाण्यांस ही कसोटी लावली. दोहोंचा कांठ एकाच जागीं तुटलेला, हत्तीच्या पोटाखालीं एकच खळगा, लेख एकाच अंगास सरकलेला. दोहोंवर सूक्ष्म छिद्रें होतीं. नवें नांव देणाऱ्या अक्षराची एक रेघ इतर रेघांहून तीक्ष्ण होती. अर्थात् ती सांच्यांतच मागाहून ओढलेली. नवा शातकर्णि अशा रीतीनें मावळला.

परंतु या प्रकरणांतील अधिक मोठी हानि दुसरीच आहे. ज्या अस्सल नाण्यावरून सांचा घेतला तें कोठें आहे, कोठें सांपडलें, त्याच्या जोडीस काय होतें, हें कळण्याचा मार्ग आतां उरला नाहीं. पवनार हें नांव विक्रेत्यांनीं उगीच उचललें नाहीं. धाम नदीकांठच्या या स्थळाचें उत्खनन नागपूर विद्यापीठातर्फे १९६७ सालीं डॉ. शां. भा. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांनीं केलें. तेथील वस्ती सातवाहनपूर्व काळापासून मध्ययुगापर्यंत जाते, आणि वाकाटकांचें प्रवरपूर तें हेंच असें मिराशींचें मत होतें. वाकाटकांनीं स्वतःचीं नाणीं पाडलीं कीं नाहीं हा वाद ज्या भूमींत चालला आहे, तेथें खोट्या सापडस्थानाचें नाणें खोट्या नाण्याइतकेंच घातक होय.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, नाण्यासोबत गांव, शेत, तारीख व वजन यांची चिठ्ठी ठेवावी. भूमींत साठा सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवून तो फुटूं देऊं नये. तऱ्हाळ्याचा साठा साठा म्हणून अभ्यासला गेला, म्हणूनच त्याची फेरतपासणी आजही शक्य आहे. आणि बनावट नाणें हातीं आल्यास तें बाजारांत परत लोटूं नये. उपरोक्त संग्राहकांनीं तीं दोन्ही नाणीं ‘ओतीव’ अशी चिठ्ठी लावून आपल्या डब्यांत अस्सल नाण्यांच्या शेजारीं ठेविलीं आहेत. नवशिक्यास दाखविण्यास त्यांहून चांगला धडा नाहीं.