रोबॉट नावाचा खटारा

मोडकळीला आलेल्या गाडीसाठी जपानी भाषेत 'पोंकोत्सु' असा शब्द आहे. आपल्याकडचा 'खटारा'. इरेम या जपानी कंपनीनं २००५ साली प्लेस्टेशन २ साठी एक गेम काढला, त्याचं पूर्ण नाव 'पोंकोत्सु रोमान दाइकात्सुगेकी: बम्पी ट्रॉट'. मराठीत सांगायचं तर, खटाऱ्याची अद्भुतरम्य साहसकथा: धक्के खात दुडकी चाल. पुढच्या वर्षी ॲटलस कंपनीनं तो अमेरिकेत आणला तेव्हा त्याचं 'स्टीमबॉट क्रॉनिकल्स' असं बारसं केलं. नाव भारदस्त झालं, पण खटारा गेला आणि दुडकी चालही गेली. हा गेम फारशा लोकांनी खेळला नाही याची कारणं पुढे येतीलच. मला मात्र अनेकदा वाटतं, की निम्मं नुकसान या बारशातच झालं. स्टीमबॉट म्हटल्यावर माणूस लोखंडी राक्षसांची लढाई बघायला येतो. आणि इथे त्याला मिळतो एक टेम्पो.

टेम्पो हा शब्द मी विचार करूनच वापरतोय. या जगातल्या यंत्रांना 'ट्रॉटमोबाइल' म्हणतात. दोन पाय, दोन हात, मध्ये उघडी बैठक आणि तिथे वारा खात बसलेला चालक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीऐवजी चालती यंत्रं रस्त्यावर आली असती तर गावं कशी दिसली असती, ते या गेमनं उन्हात विटलेल्या रंगांत चितारलं आहे. आपल्या यंत्राच्या पाठीवर माल लादता येतो. एका गावात स्वस्त घेऊन दुसऱ्या गावात चढ्या भावानं विकता येतो. बाकडी बसवली की प्रवासी नेता येतात. हात, पाय, धड सगळं सुटं बदलता येतं, इतकंच काय, नंबरप्लेटसुद्धा. आपल्याकडे मालवाहू गाड्यांच्या मागे रंगवलेली नक्षी आणि अक्षरं ज्यानं कौतुकानं वाचली आहेत, त्याला हा छंद समजावून सांगावा लागणार नाही.

माझ्या पिढीनं रोबॉट पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, 'जायंट रोबोट' या जपानी मालिकेत. मुलगा मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडायचा आणि तो अवाढव्य पुतळा उडत यायचा. एका पोराच्या हाती आलेली अमर्याद ताकद, हे त्या मालिकेचं सगळं आकर्षण. जपानी रोबॉटकथांचा मोठा भाग याच स्वप्नावर उभा आहे. १९७२ च्या 'माझिंगर झी'मध्ये मुलगा रोबॉटच्या डोक्यात जाऊन बसला, १९७९ च्या 'गुंडाम'मध्ये रोबॉट हे युद्धातलं शस्त्र झालं. 'पॅटलेबर'नं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या स्वप्नाला खाली उतरवलं. त्यातले रोबॉट बांधकामावर राबतात आणि पोलिसांना त्यांच्यामुळे होणारे गुन्हे निस्तरावे लागतात. 'बम्पी ट्रॉट' मला या शेवटच्या घरातला वाटतो, फक्त अजून एक पायरी खाली. इथे पोलिसखात्याचा रुबाबही नाही. यंत्र आहे, पोट आहे, आणि दोन गावांमधला रस्ता आहे.

यंत्र चालवायची पद्धतही तशीच. कंट्रोलरच्या दोन्ही काड्या एकदम पुढे ढकलल्या की ते पुढे जातं. एकच ढकलली की वळतं. 'कातामारी दामासी' खेळलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. पहिला तासभर आपण भिंतींना धडकत असतो. मग केव्हातरी बोटांना लय सापडते, आणि जेसीबीवाला दोन दांडक्यांवर हात ठेवून शेजारच्याशी गप्पा मारत खड्डा खणतो तसं काहीसं आपलं होतं. लढाईत हीच पद्धत जाचक ठरते, हे कबूल केलं पाहिजे. शत्रू मागून आला तर वळेपर्यंत दोन फटके बसतात. पण यंत्राला वजन आहे, ते आपल्या अंगासारखं हलत नाही, ते हाकावं लागतं, ही जाणीव सोप्या नियंत्रणातून आली नसती.

गोष्ट सांगायची तर फार नाही. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला, स्मृती गमावलेला एक मुलगा. तिथे त्याला भेटणारी एक गायिका. तिचा फिरता वाद्यवृंद. रस्त्यात लुटालूट करणारी 'ब्लडी मँटिस' नावाची टोळी. सगळं शंभरदा पाहिलेलं. नावं तेवढी मजेशीर आहेत. नायक व्हॅनिला बीन्स. गायिका कॉनी, म्हणजे कोरिअँडर, म्हणजे आपली कोथिंबीर. वाद्यवृंदात फेनेल, म्हणजे बडीशेप, आणि बेसिल, म्हणजे तुळशीची विलायती बहीण. एकदा हे लक्षात आलं की गंभीर प्रसंगातही भाजीबाजार डोळ्यांपुढून हटत नाही, आणि माझी खात्री आहे की करणाऱ्यांचा हेतू तोच होता.

या गेमनं मला धरून ठेवलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीनं: उत्तरांनी. कुणी काही विचारलं की समोर तीन-चार पर्याय येतात. एक सरळ, एक आगाऊ, एक तिरसट, कधी एखादा निव्वळ वेडगळ. यातल्या बऱ्याच पर्यायांनी पुढचं काहीही बदलत नाही. समोरचा माणूस चपापतो, हसतो किंवा ओरडतो, आणि गोष्ट होती त्या वाटेनं चालू राहते. नाराज समीक्षकांची इथे ठरलेली तक्रार असते: निवडीला परिणाम नसेल तर निवड कशाला?

त्या काळात या प्रश्नाला वजन होतं. २००३ च्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये तुमचं प्रत्येक वागणं उजेड आणि अंधार अशा मापात मोजलं जायचं. २००४ च्या 'फेबल'मध्ये वाईट वागलात तर तुमच्या पात्राला चक्क शिंगं फुटायची. नैतिकतेची खातेवही ठेवणं म्हणजे खेळाडूला स्वातंत्र्य देणं, असा समज रुजत होता. मला तो तेव्हाही पटला नाही. शिंगं फुटणार हे ठाऊक असताना मी वाईट वागतो तेव्हा मी शिंगं विकत घेत असतो. वागण्याचा संबंध उरत नाही, सौदा होतो.

व्हॅनिलाच्या तिरसट उत्तराला काही भाव मिळत नाही, म्हणूनच ते उत्तर माझं असतं. कॉनीला मी एकदा उगाच लागेल असं बोललो. काही झालं नाही. गुण कापले गेले नाहीत, दार बंद झालं नाही. तिचा चेहरा पडला आणि ती पुढच्या विषयाकडे वळली. मी मात्र बराच वेळ ते डोक्यात घेऊन फिरत होतो. शिक्षा झाली असती तर हिशेब तिथेच मिटला असता. इथे तो मिटवायला कुणी आलंच नाही.

ही खोड इरेमच्या त्या चमूची जुनी होती. निर्माते काझुमा कुजो यांनी त्याआधी 'डिझास्टर रिपोर्ट' हा भूकंपात सापडलेल्या शहराचा गेम केला होता. इमारती कोसळत असताना त्यातही असेच अवांतर पर्याय सापडतात. संकटातसुद्धा माणूस फालतू बोलतो, हे त्यांना कळलेलं होतं. 'बम्पी ट्रॉट'मध्ये ते सबंध आयुष्याला लावलं.

आयुष्य म्हणजे काय काय, तर सुरुवातीच्या भागातच हार्मोनिका हाती येते. पुढे ॲकॉर्डियन, गिटार, सॅक्सोफोन, ड्रम. प्रत्येक वाद्य वाजवायची बटणांची तऱ्हा निराळी. चौकात उभं राहून वाजवलं की येणारेजाणारे पैसे टाकतात. शहरात बिलियर्ड्स आहे, शेअर बाजार आहे, भाड्याची खोली आहे, यंत्रांच्या झुंजींचा आखाडा आहे. जीवाश्म उकरून संग्रहालयाला देता येतात. 'सगळं आहे, पण काहीच खोल नाही' हा या गेमवरचा दुसरा आक्षेप. खोल नाही, मान्य. बिलियर्ड्स म्हणून ते बेताचं आहे, शेअर बाजार तर पोरखेळच. पण एखाद्या गावात चार महिने राहिलेला माणूस तिथलं काय खोल करतो? थोडं वाजवतो, थोडा धंदा करतो, एक शर्ट घेतो, कुणाशी तरी भांडतो. गेमची व्याप्ती मला याच मापाची वाटते, आणि गोष्ट मुकाट्यानं वाट पाहत राहते.

अमेरिकेत हा गेम आला मे २००६ मध्ये. त्याच्या दोनच महिने आधी 'ऑब्लिव्हियन' आला होता: क्षितिजापर्यंत पसरलेलं सलग जग, नव्या पिढीचं यंत्र. मुक्त जग म्हणजे मोठा नकाशा, ही व्याख्या तिथे पक्की होत होती. 'बम्पी ट्रॉट'चे रस्ते मात्र तुकड्यांचे. दर तुकड्याच्या टोकाला पडदा काळा होतो आणि आपण थांबून राहतो. चित्र मध्येच अडखळतं. इंग्रजी आवाज कुठे गोड, कुठे शाळेच्या गॅदरिंगमधले. या बाबतीत मी कुणाशी वाद घालणार नाही. टोळीच्या बाजूला जाण्याची मुभाही आहे, पण ती वाट घाईत उरकल्यासारखी वाटते. आणि कॉनी चांगली गायिका असूनही तिच्या वाट्याला फार वेळ नायकाची काळजी करणंच येतं, ही मला यातली खरी उणीव वाटते. आगाऊपणा करायचं जे स्वातंत्र्य व्हॅनिलाला मिळालं, ते तिला मिळालं असतं तर हा गेम कुठल्या कुठे गेला असता.

दुसऱ्या भागात ते झालं असतं का, कोण जाणे. 'बम्पी ट्रॉट २' २००६ सालीच जाहीर झाला. चाहत्यांनी काही वर्षं वाट पाहिली. ११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. तीनच दिवसांनी इरेमनं 'डिझास्टर रिपोर्ट'चा चौथा भाग रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी 'बम्पी ट्रॉट २'ही गेला. कुजो इरेममधून बाहेर पडले आणि ग्रँझेला नावाची कंपनी काढून बसले. २०१८ मध्ये त्यांनी तो रद्द झालेला भूकंपाचा गेम पूर्ण करून दाखवला. कोसळणारं शहर परत आलं. रस्त्यानं माल वाहणारा खटारा आला नाही.

एक जुनी डिस्क आणि आठ मेगाबाइटचं मेमरी कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्यावरचा माझा दुसरा डाव शेवटाच्या अलीकडे थांबलेला आहे. पुढे कुठे जायचं, कुणाशी लढायचं, सगळं माहीत आहे. अधूनमधून मी तो उघडतो, व्हॅनिलाला चौकात उभा करतो आणि ॲकॉर्डियन वाजवतो. परवा दोन सुरांनंतरच चुकलो. तरी एक जण पैसे टाकून गेला.